जुनं घर घ्यायचंय? मग भर पावसात बघा

नाशिकमध्ये जुनी घरं विकायला निघतात ती बहुतेक दसरा-दिवाळीच्या सुमाराला. पाऊस गेलेला असतो, भिंती वाळलेल्या असतात आणि मालकाने दोन डबे डिस्टेंपर मारून पोपडे झाकलेले असतात. मी घरं बघते जुलै-ऑगस्टमध्ये, शक्यतो दोन दिवस झड लागून राहिल्यावर. छत्री, बॅटरी, पाच मीटरचा टेप आणि पाव किलोची हातोडी एवढं पिशवीत असतं. दलाल वैतागतात. "ताई, जरा उघडू द्या की!" उघडल्यावर मला काय दिसणार?

नऊ वर्षं मी एका बांधकाम ठेकेदाराकडे बिलं करत होते. साइटवर जाऊन मोजमाप घ्यायचं, मेजरमेंट बुकात चढवायचं, ब्रासवरून, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या मापावरून, गवंड्याशी वाद घालायचा. नोकरी सुटली तेव्हा थोडी एफडी होती आणि हा एकच गुण अंगात होता. त्यावर आतापर्यंत पाच पडकी घरं घेतली, उभी केली, विकली. दोनांत बरे पैसे सुटले, दोनांत कष्टापुरते आणि एकात खड्ड्यात गेले. खाली लिहितेय त्यातलं बरंचसं त्या खड्ड्यातून शिकलेय.

कुठल्या घराच्या वाटेला जायचं नाही

सुरुवात इथून करा, कारण नाही म्हणायला पैसे लागत नाहीत.

जुन्या नाशकातल्या वाड्यांवर माझा जीव आहे. काळ्या दगडाचं जोतं, सागवानी खांब, चौकात तुळस. पण वाडा बघताना माणूस खांब मोजतो, वारस मोजत नाही. तिवंध्याच्या बाजूला एका वाड्याचा हिस्सा मी जवळजवळ घेतलाच होता. विकणारे काका गोड बोलणारे, घरात चहा-पोहे झाले, दीड लाख इसार दिला, नोटरीसमोर कागद झाला. मग वकिलांनी मिळकत पत्रिका काढली तर तिच्यावर नाव काकांच्या आजोबांचं. खाली वारस धरले तर चौदा! एक जळगावला, दोन मुंबईला, एका आत्याबाईंचं लग्नानंतर कुठे नावच लागलेलं नाही. त्यात खालच्या दुकानगाळ्यात जुने शिंपी भाडेकरू, भाडं महिना चाळीस रुपये. भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे आणि त्यातल्या ठरलेल्या कारणांखेरीज भाडेकरू निघत नाही. तीही कारणं कोर्टात सिद्ध करावी लागतात. खरेदीखतात 'रिकामा ताबा' असे दोन शब्द लिहिल्याने शिलाई मशीन उचललं जात नाही. माझा इसार परत यायला चौदा महिने लागले.

तेव्हापासून नियम केलाय. नोटरीच्या कागदावर एक रुपया नाही. टोकन द्यायचंच तर अकरा हजार, तेही चेकने. वकिलांचा तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, झाला, पेपरात जाहीर नोटीस देऊन मुदत संपली, की मग नोंदणीकृत साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा करार, आणि त्यावर मोठी रक्कम. "वहिनी, आपल्यात कशाला एवढं?" असं कुणी म्हणालं की मी अजून एक कागद मागते.

दुसरं, नदी. पंचवटीत किंवा सराफ बाजार-भांडी बाजाराकडे घर बघायला गेलात तर घरमालकाला काही विचारू नका, शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा. २००८ ला पाणी कुठवर होतं? २०१६ ला? २०१९ ला? माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवतात. गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजायची आपल्याला सवय आहे, गुडघ्याला लागलं, छातीला लागलं. घराचंही तसंच मोजा. पूररेषेचा नकाशा महापालिकेत बघायला मिळतो, नदीकडची रेषा निळी आणि तिच्या बाहेरची लाल. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकाम नाहीच असं धरून चाला आणि लाल-निळ्याच्या मधलं घर असेल तर आधी नगररचना विभागात विचारून या.

तिसरं, गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यांनी विकलेले तुकडे. सातबारावर दहा-बारा नावं, मधला रस्ता तोंडी, नकाशा मंजूर नाही. स्वस्त मिळतं, पण विकताना तुमच्या गिऱ्हाइकाला बँक कर्ज देत नाही आणि मग तेही स्वस्तच द्यावं लागतं. नियमित झालेलं असेल, त्याचा कागद असेल तर विचार करा. देवळाली कॅम्पातले जुने बंगले दिसायला देखणे आहेत, पण तिथे कँटोन्मेंटचा कारभार वेगळा, मी त्या भानगडीत पडले नाही.

सिडकोत, म्हणजे सिडकोने वसवलेल्या वसाहतीत, घर बघत असाल तर दोन गोष्टी. जमीन कुठल्या हक्काने आहे आणि हस्तांतर कसं होणार हे सिडकोच्या कार्यालयात जाऊन स्वतः विचारायचं. आणि मूळ छोट्या घरावर लोकांनी मजले चढवलेत, त्यातलं मंजूर किती ते बघायचं. बिनमंजूर खोलीचे पैसे मी धरत नाही, मग तिला कितीही भारी टाइल्स लावलेल्या असोत.

मग राहतं काय? माझ्यासाठी सातपूर, अंबड, इंदिरानगर, नाशिकरोड या बाजूची पंचवीस-तीस वर्षांची रो-हाऊसं आणि छोटे बंगले. एनए म्हणजे बिगरशेती जमीन, मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, मालक एक किंवा दोन, सहसा निवृत्त जोडपं मुलाकडे पुण्याला निघालेलं. कंटाळवाणी घरं आहेत. पण तिथल्या दुखण्यांवर औषध आहे.

बघायला गेल्यावर

आधी नाक. दार उघडल्या उघडल्या कुबट वास आला तर तो कुठल्या खोलीत वाढतो ते चालत चालत शोधा. मग भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा बघा. मिठासारखी पांढरी बुरशी वाटते ती बुरशी नसते, क्षार असतो. म्हणजे ओल जमिनीतून वर चढतेय. ओल छताच्या कोपऱ्यातून उतरत असेल तर गच्ची किंवा वरचं संडास-बाथरूम. भिंतीच्या मधोमध एकच डाग असेल तर आतली पाइप. तिन्हींचा खर्च वेगळा. जमिनीतली ओल सगळ्यात चिवट, ती कमी करता येते, पूर्ण जाईल असं छातीठोक सांगणाऱ्याला मी काम देत नाही.

शंका असेल तिथे दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीला डकवा आणि दुसऱ्या दिवशी परत या. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला असेल तर भिंत ओली आहे. बाहेरच्या बाजूला असेल तर हवेतला दमटपणा.

मग स्लॅब. स्टुलावर चढून हातोडीने हलकेच ठोकत जा. चांगला स्लॅब टणटणीत वाजतो, पोकळ झालेला भद्द वाजतो. सळईच्या रेषेत सरळ तडा दिसला, कडेला तांबूस डाग दिसला, तर आत सळई गंजून फुगलेली आहे आणि काँक्रीटला ढकलतेय. बाथरूमखालचा भाग, सज्जे आणि गॅलरीचा जोड या तीन ठिकाणी हे हमखास सापडतं. पाच-सहा ठिकाणांपेक्षा जास्त वाजलं की मी स्वतःचं डोकं चालवत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणते. त्याची फी चुकीचं घर घेण्याच्या किमतीपेक्षा कमीच असते. महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आलेली आहे का, हेही शेजाऱ्यांना विचारा. मालक सांगत नाही.

चौकटींना पेचकस टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी. वीज मीटरपासून बघत या; पावसात ओल्या भिंतीजवळच्या बोर्डाला हात लावू नका, एकदा मी लावलाय. शेवटी मोरीत दोन बादल्या एकदम ओता आणि बाहेरच्या चेंबरचं झाकण उचलून पाणी कधी येतं ते बघा.

ही शेवटची गोष्ट मी सातपूरला अशोकनगरच्या घरात केली नाही. बाहेर धो धो पाऊस होता, चेंबर आधीच तुंबलेलं, मी म्हटलं पावसाचंच पाणी असेल. त्याचं पुढे सांगते.

त्या घराचा हिशोब

खाली हॉल आणि किचन, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. ऑगस्ट २०२३ मध्ये बघितलं, सप्टेंबरअखेर खरेदीखत झालं. किंमत २८ लाख. स्टॅम्प ड्युटी माझ्या एकटीच्या नावावर म्हणून ५ टक्क्यांनी १ लाख ४० हजार. राहत्या घराची खरेदी बाईच्या नावे असेल तर आपल्याकडे एक टक्का सवलत आहे. आधी त्याला पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये गेली. नाहीतर माझ्या धंद्याला ती सवलत निरुपयोगीच होती. नोंदणी फी एक टक्का, २८ हजार. ती कितीही मोठ्या व्यवहारात ३० हजारांच्या वर जात नाही. दलाली २८ हजार. वकील आणि जाहीर नोटीस मिळून १५ हजार.

ड्युटी रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, भाव आणि ठरलेली किंमत यांतलं जे जास्त त्यावर बसते, म्हणून बोली करायच्या आधी त्या गटाचा रेकनर काढून ठेवा. "थोडे रोखीत घ्या" म्हणणाऱ्या मालकाला मी हात जोडते. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेणं कायद्यात बसत नाही, आणि विकताना माझी खरेदीच कागदावर कमी दिसली तर नफा फुगून कर मलाच भरावा लागणार.

कामाचा अंदाज काढला होता ५ लाख ९० हजार. झाले ७ लाख ४० हजार. वरचे दीड लाख कुठे गेले? किचनची फरशी उखडली तर खालून शेजारच्यांच्या संडासाची लाइन गेलेली, तीही फुटकी. ते तुंबलेलं चेंबर! ती लाइन बाहेरून फिरवून द्यायला ६२ हजार. आणि बाथरूमखालचा स्लॅब मी सहा फूट खराब धरला होता, खोडल्यावर निघाला सोळा. तिथे ८८ हजार.

अकरा महिने पैसे अडकले. एफडी मोडली होती, उरलेल्यासाठी सोनेतारण, त्याचं व्याज, घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल मिळून १ लाख २० हजार. नवीन माणूस हा आकडा धरतच नाही. सगळं मिळून ३८ लाख ७१ हजार पडले. घर गेलं ४३ लाख ५० हजारांना, त्यातून दलाली ४३,५००. हातात राहिले ४ लाख ३५ हजार ५००, करापूर्वी. चोवीस महिन्यांच्या आत विकल्यामुळे कर आयकराच्या नेहमीच्या स्लॅबने. दरवर्षी घरं फिरवायला लागलात तर आयकर खातं त्याला भांडवली नफा न म्हणता धंदा म्हणू शकतं, तेव्हा पहिल्या घरापासूनच सीएला विचारा आणि सिमेंटच्या पोत्याचं बिलसुद्धा फेकू नका.

यावरून माझा अंदाज करायचा नियम असा झालाय: दुरुस्त घर त्या गल्लीत आज कितीला जातं ते आधी काढायचं. दलालाच्या आकड्यावर जायचं नाही, नोंदणी कार्यालयाची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू) काढून झालेले व्यवहार बघायचे. त्यातून काम, कागद, अकरा महिने आणि स्वतःला हवा तेवढा नफा वजा करायचा. कामाच्या आकड्यावर पंचवीस टक्के आणखी. जे उरेल ती माझी बोली. दलालांचं सध्याचं पालुपद आहे, "सिंहस्थ आलाय, भाव वाढणार." वाढले तर माझा नफा वाढेल. बोलीत मी सिंहस्थ धरत नाही.

कामाला हात

ऑक्टोबरात सुरू करा, मेच्या आत संपवा. क्रम मोडू नका: तोडफोड, स्लॅब आणि बीमची दुरुस्ती, गच्ची, ड्रेनेज आणि नळ, विजेच्या झिऱ्या, प्लास्टर, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, फरशी, सुतार, रंग. नव्या माणसाला फरशी लवकर बघायची घाई असते. मग वर गवंडी चढतो आणि दोन बाय दोनच्या नव्या टाइलवर घमेलं पडतं.

गंजलेल्या स्लॅबला वरून सिमेंटचं प्लास्टर फासणं म्हणजे गळवावर पावडर. सैल काँक्रीट पूर्ण खोडायचं, सळई मागूनही मोकळी करायची, तारेच्या ब्रशने चमकेपर्यंत घासायची, गंजरोधक लावायचं, मग जोड धरणारा लेप आणि पॉलिमर मॉर्टर. सळई फार खाल्ली गेली असेल तर जोडीला नवीन सळई, आणि ती किती हे इंजिनिअर सांगणार, सेंटरिंगवाला नाही.

गच्चीवर माझा तोटा झालाय, म्हणून जरा थांबते. पंचवटीतल्या दुसऱ्या घराला एका वॉटरप्रूफिंगवाल्याने जुन्या तडकलेल्या कोब्यावरच केमिकलचे दोन हात मारले आणि लेटरहेडवर दहा वर्षांची हमी लिहून दिली. मी खाली पीओपीचं छत करून घेतलं. जूनच्या दुसऱ्या पावसात ते छत हॉलभर पसरलं. फोन लागेना. आता गच्ची अशी करते: जुना कोबा स्लॅबपर्यंत काढायचा, तडे व्ही आकारात उघडून भरायचे, भिंतीच्या कडेला गोलाई द्यायची, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, पन्हळीकडे दर शंभराला एक उतार ठेवून. झाल्यावर पन्हळी बुजवून अठ्ठेचाळीस तास पाणी तुंबवायचं. त्या दोन दिवसांत मी खाली खोलीत चटई टाकून दुपारची डुलकी घेते. थेंब पडला तर कळतो.

मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंती असतील तर त्यांवर सिमेंटचं प्लास्टर नको. ओल आत कोंडते आणि दोन वर्षांत सगळं कवच सुटून येतं. त्या भिंतीला चुनाच हवा. वाळवीसाठी फरशी आणि भिंतीच्या सांध्यात फुटाफुटावर भोकं पाडून औषध भरतात, हे फरशी टाकायच्या आधी उरका. जुनी जीआय म्हणजे लोखंडी पाइप कितीही चांगली दिसो, सगळी काढा आणि सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकची टाका. वायरिंगही पूर्ण नवं: दिव्यांना दीड, प्लगला अडीच, गीझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटर, नवं अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद पाडणारा स्विच. इथे पैसे वाचवणाऱ्याशी मी बोलत नाही.

आता ब्रास. दहा बाय बाराची खोली, उंची दहा. घेर चव्वेचाळीस, म्हणजे भिंती ४४० चौरस फूट. दार तीन बाय सात, २१. खिडकी चार बाय चार, १६. वजा करून ४०३, म्हणजे चार ब्रास. गवंडी म्हणतो, "साडेचार धरा ताई, जामचं काम असतंय." जामचं, म्हणजे दार-खिडकीच्या कडांचं, काम असतं हे खरं आहे, म्हणून दार-खिडकी वजा करायची, अर्धी करायची की नाही, हे दर ठरवतानाच वहीत लिहा आणि त्याची सही घ्या. पाच खोल्यांत अर्ध्या अर्ध्या ब्रासचे अडीच होतात. मजुरीचा ठेका द्यायचा आणि माल स्वतः आणायचा, हे मला परवडतं कारण मी रोज साइटवर असते. नोकरी करणाऱ्यांनी मालासकट द्यावं, फक्त सिमेंट, वायर आणि पाइपचे ब्रँड ठेक्यात लिहून घ्यावेत.

पैसे झालेल्या मोजमापावर, दर शनिवारी. आणि गच्ची, बाथरूम, ड्रेनेज यांच्या बिलातले दहा टक्के पहिला मोठा पाऊस होईपर्यंत माझ्याकडे. सुरुवातीलाच सांगते, त्यामुळे भांडण होत नाही. जो याला तयार होत नाही त्याला आपल्या कामाबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती असते.

आतली दुरुस्ती, प्लास्टर, फरशी यांना सहसा परवानगी लागत नाही. पण भिंत पाडून खोल्या एक करणं, जिना हलवणं, गॅलरी आत घेणं, मजला चढवणं यांना हात लावण्याआधी आर्किटेक्टकडून विचारून घ्या. विटांची प्रत्येक भिंत नुसती आडोसा नसते.

विकताना

मॉड्युलर किचन मी मध्यम करते, बाथरूम चांगलं करते, भिंती पांढरट ठेवते. सोनेरी डिझाइनची टाइल मला आवडते म्हणून गिऱ्हाइकाने का घ्यावी? उघडलेल्या स्लॅबचे, पाइपांचे, तुंबवलेल्या गच्चीचे फोटो तारखेवार फाइलमध्ये लावते, बिलं आणि इंजिनिअरचा दाखला त्यांच्या मागे.

अशोकनगरचं घर एप्रिलमध्ये तयार झालं होतं. दलाल म्हणाला, लगेच काढा. मी जुलैपर्यंत थांबले, तीन महिन्यांचं व्याज भरून. एक जोडपं आलं, बरोबर मुलाची आई. बाहेर संततधार. मुलगा-सून किचनचे ड्रॉवर उघडून बघत होते. आजी मात्र वरच्या बाथरूमखालच्या कोपऱ्यात गेल्या, भिंतीला तळहात लावला, मग नाक जवळ नेलं.

"इथं आधी गळत होतं ना गं?"

"होतं," मी म्हटलं आणि फाइल उघडली. सोळा फूट उघड्या सळयांचा फोटो त्यांनी चष्मा लावून दोन मिनिटं पाहिला. मी ४४ लाख सांगितले होते. त्यांनी फाइल मिटली, मला परत दिली आणि पन्नास हजार कमी करायला लावलेच.